गडियाहाटची पट्टी

"पानांकडे बघून पाणी घालू नकोस गं. मुळं बघ. पांढरी पडली असली तर तहान लागलीय, हिरवी असली तर पोट भरलंय. आणि लाड कमी, वारा जास्त. माणसांचं उलट असतं, म्हणून आपला हात चुकतो."

सासूबाईंचा हा आवाज वृंदाच्या कानाशी अजून तसाच होता. कोलकात्यातल्या बेहालाच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत स्टुलावर बसून, कपाळावर हाताचा आडोसा धरून सुलभाबाई तिला हे सांगत. खाली बसवाले ओरडत असायचे, त्यामुळे त्यांना दोन-दोनदा सांगावं लागे, आणि दुसऱ्यांदा सांगतानाही त्यांचा सूर चढत नसे. आता त्या नव्हत्या. ग्रिलला दोन हुक होते. एका हुकाला लाकडी पट्ट्यांची टोपली लोंबत होती, तिच्यातल्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, जाड मुळं हवेत सुटलेली. दुसरा हुक गेल्या श्रावणापासून रिकामा होता.

भरल्या टोपलीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तारेने अडकवलेली होती. तिच्यावर खिळ्याने ठोकून काढलेली अक्षरं: गडियाहाट. सासरे श्यामराव रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत होते, तेव्हा त्यांनी अशा दोन पट्ट्या घरी बसून केल्या होत्या. एक या रोपाची, जे त्यांनी गडियाहाटच्या बाजारातून हौसेने आणलं होतं. दुसरी वेंगुर्ल्याची. ते रोप सुलभाबाईंच्या माहेरच्या फणसावरचं, आंब्याच्या करंडीत बसून गाडीने बंगालपर्यंत आलेलं. फुलं नसताना दोन्ही रोपं सख्ख्या बहिणींसारखी दिसायची. तीच चामड्यासारखी लांबट पानं, तीच बाहेर पसरलेली मुळं. म्हणून तर पट्ट्यांची गरज.

आणि नेमका याच आठवड्यात गडियाहाटच्या रोपाला दांडा आला होता. बारीक कळ्यांनी खच्चून भरलेला.

"उद्या उमलणार बघ," गुरुदत्त चहाचा कप घेऊन बाहेर येत म्हणाला.

"म्हणूनच काढतेय." वृंदा स्टुलावर चढली होती.

"काढतेयस? मी तर म्हणतो हॉलमध्ये लाव. दादा-वहिनी दारातून आत आले की समोर."

"अहो, काहीतरीच काय."

"काहीतरीच काय त्यात? आपलं रोप आहे, आपल्या घरात फुलतंय. वहिनींना बघायचं असेल तर बघतील, नाहीतर तोंड फिरवतील. तोंड फिरवायची सवय आहेच."

टोपली दोन्ही हातांनी अलगद उतरवून वृंदाने ती मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या छोट्या बाल्कनीत नेली आणि वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्याला टांगली. दार लोटून घेतलं. गुरुदत्त आता रागावला होता तो तिच्यावर नव्हे, हे तिला ठाऊक होतं. तो रागावला होता तीन शब्दांवर. ते शब्द मंजुषावहिनींनी गेल्या वर्षी पुढच्या बाल्कनीत उभ्या राहून उच्चारले होते. बसल्याही नव्हत्या.

"तुझी तेवढी जगली."

वाटणी सुलभाबाईंनी स्वतः केली होती. वेंगुर्ल्याचं रोप मोठ्या सुनेला, कारण मंजुषाने लग्नात गौरीहरापुढे बसताना त्याचीच फुलं माळली होती आणि पुढे तिच्या गौरीनेही माळावीत अशी म्हातारीची इच्छा होती. गडियाहाटचं धाकटीला. वृंदाचं लग्न नागपूरला, ऐन थंडीत झालं. पुढे गुरुदत्तच्या बँकेच्या बदल्यांत रांची झालं, सिलिगुडी झालं. या रोपांना फुलं आलेली तिने कधी पाहिलीच नव्हती, आणि ती कोलकात्याला राहायला आल्यापासून रोपांनीही मनावर घेतलं नव्हतं. सुलभाबाई गेल्या तेव्हा मंजुषाच्या क्वार्टरमध्ये प्लास्टरचं काम निघालं होतं. "तोवर राहू दे तुझ्याकडेच," असं म्हणून ती टोपली ठेवून गेली. श्रावणात ते रोप मुळापासून कुजलं. शेजारी, हातभर अंतरावर, गडियाहाटचं मात्र टवटवीत होतं. बघणाऱ्याने काय समजायचं?

का कुजलं, हे वृंदाला माहीत होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? जे सांगायचं ते ऐकून कुणालाही वाटलं असतं की ही आपल्या हातची चूक देवावर ढकलतेय.

त्या तीन शब्दांच्या दिवसापासून मंजुषाने या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता. गौरीचं लग्न ठरलं, तेव्हा नात्यातल्या प्रत्येकाला काही ना काही काम वाटून दिलं गेलं. रुखवत पुण्याच्या मावशीकडे, मेंदी आत्याकडे. सख्ख्या काकूकडे लग्नाची पत्रिका कुरिअरने आली. पाकिटावर चारुदत्तभाऊजींचं टपोरं अक्षर होतं, आणि ते लिहिताना त्यांना किती जड गेलं असेल याचीही वृंदाला कल्पना होती. पण ते बोलणाऱ्यातले नव्हते. उद्याचं केळवण तरी होत होतं ते केवळ गौरीच्या हट्टामुळे.

दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर उठून वृंदाने पूजा केली, जप केला, आणि मग देवापुढे हात जोडून नेहमीपेक्षा क्षणभर जास्त उभी राहिली. काय मागावं ते तिला नीट सुचेना. शेवटी ती मनातल्या मनात एवढंच म्हणाली, वहिनींना आज इथे पोटभर जेवू दे.

*

"लिफ्ट परत बंद आहे वाटतं," दारातच चारुदत्त म्हणाले. "पण बरं झालं. दुसऱ्या मजल्यापासून मसालेभाताचा वास येतोय, त्याच्या जोरावर चढलो."

"या भाऊजी. या वहिनी."

"हो." मंजुषाने संदेश मिठाईचा डबा टीपॉयवर ठेवला. पर्स खांद्यावरच राहिली.

"पाणी आणते."

"नको. आत्ताच प्यायले खाली."

खाली पाणी कुठे मिळतं, हे कुणी विचारलं नाही. गुरुदत्तने खिडकीबाहेर बघितलं. गौरी मात्र सरळ आत घुसली आणि पाटाभोवतीची रांगोळी बघून थबकली.

"काकू, किती मस्त काढलीस तू. बघूनच माझी पोट भरली."

"भरलं," चारुदत्त म्हणाले.

"तेच. बाबा, लग्न होईपर्यंत तरी माझी मराठी दुरुस्त करू नका. ऋषभला तर ती पण येत नाही. त्याच्यासमोर मी पंडित आहे."

गौरी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. तिच्या मराठीत बंगाली हेल आणि हिंदी शब्द गुण्यागोविंदाने नांदायचे, आणि वृंदाला ते ऐकायला फार गोड वाटे. तिने पुतणीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. केळीच्या पानावर अळूवडी, मसालेभात, वरणभात आणि त्यावर पिळायला गंधराज लिंबाची फोड. हिमसागर आंब्यांचा रस वाट्यांतून काठोकाठ.

"नाव घे," गुरुदत्त म्हणाला. "नाव घेतल्याशिवाय जेवण नाही."

"काका, मला येत नाही ते."

"मग उपाशी बस."

गौरीने डोळे मिटले, ओठ हलवून काहीतरी जुळवलं आणि एका दमात म्हणाली, "ट्रामची घंटा वाजली टण टण टण, ऋषभचं नाव घेते, आता वाढा मला वरण."

चारुदत्त ठसका लागेपर्यंत हसले. मंजुषाच्याही ओठांचा कोपरा हलला, पण वृंदाची नजर आपल्याकडे वळतेय असं दिसताच तिने तो पदराने टिपून टाकला.

मग जेवणं सुरू झाली. वृंदा वाढत होती आणि न बघितल्यासारखं करून एकाच पानाकडे बघत होती. मंजुषाने पोळीचा चतकोर मोडला. भाताची मूद नुसती बोटांनी पसरली. रसाची वाटी जागची हलली नाही.

"वहिनी, रस घ्या ना. तुम्हाला हिमसागर आवडतो."

"आवडायचा. आता साखरेचं बघावं लागतं."

"तुला कुठे शुगर आहे?" चारुदत्त बोलून गेले.

"सगळं तुम्हाला सांगत नाही मी."

पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. गुरुदत्तने बायकोकडे असं पाहिलं, की बघ, मी काय म्हणत होतो. वृंदाने मान खाली घातली आणि भाताचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेली. एवढी पानं मांडली, एवढी रांगोळी घातली, पण जावेच्या पोटात चार घास जात नव्हते. ती आमटी ढवळत राहिली.

मंजुषा सर्वांच्या आधी उठली. बेसिनपाशी चारुदत्त आधीच हात धूत उभे होते.

"वहिनी, इथे सिंकमध्येच धुवा," वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. पण तोवर मंजुषाने ओट्याच्या बाजूचं, मागच्या बाल्कनीचं दार ढकललं होतं. तिथे नळ होता. सुलभाबाई असताना या घरात तिचा पुष्कळ वावर होता, तिला नळ माहीत असणारच.

वृंदाच्या हातातला डाव पातेल्यात राहिला. सकाळपासूनच्या गडबडीत ती त्या दाराकडे फिरकलीही नव्हती. आता वहिनी बघणार. बघणार की गडियाहाटचं रोप नुसतं जगलं नाही, फुलायला आलंय. आणि आपण ते लपवून ठेवलंय, म्हणजे मनात काहीतरी होतंच.

नळाचा आवाज येईना.

ती दारापर्यंत गेली. मंजुषा उष्टा हात तसाच पुढे धरून उभी होती. वॉशिंग मशीनच्या वर, ओल्या टॉवेलाशेजारी, टोपलीतून वीतभर लांब घोस खाली उतरला होता. रात्रीतून सगळा उमललेला. पांढऱ्या फुलांवर जांभळट गुलाबी शिंतोडे, एकमेकांना चिकटून, कुणी सुईदोऱ्याने ओवून ठेवल्यासारखी. साबणाच्या वासातही एक मंद गोड वास येत होता.

"वहिनी, मी कालच आणून ठेवली इथे." वृंदाला आपलाच आवाज बारीक वाटला. "तुम्हाला दिसू नये म्हणूनच. तुम्हाला वाटलं असतं की मी मुद्दाम…"

"कुठली आणून ठेवलीस?"

"माझी. गडियाहाटची."

मंजुषाने मागे वळून बघितलं नाही. "गडियाहाटची पिवळी असते. तपकिरी रेषांची. दांडा असा वर जातो तिचा. बाबांना कोण कौतुक होतं तिचं. मला कधी आवडली नाही, काळपट दिसायची." ती थांबली. "ही सीतेची वेणी आहे, वृंदा."

"म्हणजे?"

"म्हणजे वेंगुर्ल्याची. ही माझ्या अंबाड्यावर होती. आईंनी स्वतः माळली होती, आणि म्हणाल्या होत्या, मान फार हलवू नकोस, पाहुणी आहे ती."

वृंदाने दाराच्या चौकटीला हात टेकला. एवढं सगळं तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तोवर आवाज ऐकून गुरुदत्त आला, त्याच्यामागे गौरी, आणि शेवटी टॉवेलाला हात पुसत चारुदत्त. एवढ्याशा बाल्कनीत पाच माणसं मावत नव्हती, त्यामुळे दोघं दारातच अडकली.

गुरुदत्तने मान वाकडी करून पट्टी वाचली. "इथे तर गडियाहाट लिहिलंय."

"लिहू दे. मला फूल दिसतंय ना."

"वेंगुर्ल्याची तर गेली, वहिनी. तिच्यावर वेंगुर्ल्याची पट्टी होती. तुम्हीच बघितलीत."

"पट्टी बघितली. रोप कुणी बघितलं?"

गौरीने हळूच बोट पुढे करून एका फुलाला स्पर्श केला आणि लगेच मागे घेतलं. मग मंजुषाची नजर दाराकडे गेली. चारुदत्त टॉवेलाची घडी घालत होते. घडी झाली तरी घालतच होते.

"तुम्ही का गप्प?"

"मी? मी कुठे गप्प. मी ऐकतोय."

"बोला."

चारुदत्तांनी घसा साफ केला. "ते आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं ना, त्या वर्षीची खंडेनवमी आठवते का?"

सर्वांना आठवत होती. श्यामराव गेल्यावरही सुलभाबाईंनी खंडेनवमी सोडली नव्हती. त्यांची हातोडी, पक्कड, खिळ्यांची डबी, सगळं त्या चिंचेने घासून पाटावर मांडत. त्याच हत्यारांनी घडवलेल्या म्हणून टोपल्यांच्या दोन पट्ट्याही त्या तारेतून सोडवून घेत, घासून लख्ख करत आणि हळदकुंकू वाहत. दसऱ्याला पट्ट्या परत जागच्या जागी. असा रिवाज आणखी कुठल्या घरी असेल असं वृंदाला वाटत नव्हतं.

"त्या वर्षी आईच्या डोळ्याला पट्टी होती," चारुदत्त म्हणाले. "म्हणून मला म्हणाली, चारू, तूच लाव रे. मी टोपल्याही खाली उतरवल्या होत्या, ग्रिल पुसायला. परत टांगताना बघतो तर दोन्ही एकसारख्या. विचारायला गेलो तर तिला डुलकी लागली होती."

"मग?"

"मग लावल्या."

"कशावरून लावल्या?"

"अंदाजाने."

मंजुषा नवऱ्याकडे बघत राहिली. "आयुष्यभर रेल्वेचे सिग्नल सांभाळलेत तुम्ही."

"हो."

"अंदाजाने?"

"तसं नाही. तिथे तारांना रंग असतात."

"दादा, यापुढे मी विमानानेच जाईन," गुरुदत्त गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

आधी गौरी फुटली. मग मंजुषा. ती हसायला लागली ती थांबेना. हसता हसता तिने पालथ्या बादलीवर बैठक मारली, उष्टा हात अजून हवेतच, डोळ्यांतून पाणी. वृंदाने तिला इतकं हसताना कधी पाहिलंच नव्हतं, आणि आपणही हसतोय हे तिला पदर तोंडाशी गेल्यावर कळलं. चारुदत्त एकटे टॉवेल धरून उभे होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर, वर्षभर ओझं वाहून ते आता खाली ठेवायला मिळाल्यासारखं काहीतरी होतं. बायको आणि भावजय यांच्यामध्ये वर्षभर अबोल उभं राहण्यापेक्षा दोघींच्या शिव्या एकत्र खाणं त्यांना पुष्कळ सोपं वाटत असावं.

"वृंदा," मंजुषा श्वास सावरत म्हणाली, "पाणी दे गं जरा."

वृंदाने पाणी दिलं. मंजुषाने सगळा पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

*

पुरुष हॉलमध्ये गेले. तिकडून गुरुदत्त भावाला आणखी टोचत असल्याचं ऐकू येत होतं. गौरी दारातल्या पायरीवर बसून टोपलीचे फोटो काढत होती. दोघी जावा आत, मशीनला टेकून.

"म्हणजे गेली ती तुझी," मंजुषा म्हणाली.

"हो. माझीच गेली."

"आणि मी तुला बोलले."

"असू दे, वहिनी."

"असू दे काय. मी नुसती बोलले नाही, मी वर्षभर तेच धरून बसले. स्वतःची सांभाळली आणि माझी टाकली, असंच मला वाटत होतं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेली कशी ती? आता तरी सांग."

वृंदाने क्षणभर विचार केला. आता सांगितलं तर ते ढकलणं होणार नव्हतं. "श्रावणभर मी अभिषेक करते ना, दूध-मधाचा. ते पाणी पायदळी जाऊ नये. तुळशीला घातलं तर मुंग्या लागायच्या. मग वाटलं, आईंच्या माहेरचं रोप आहे, देवाचं पाणी त्यालाच द्यावं. रोज द्यायचे. माझ्या रोपाला कधी नाही दिलं. त्याला आपलं आईंनी सांगितल्यासारखं, मुळं बघून, वाटलं तर पाणी, नाहीतर नाही. दूध आंबलं आत. कळलं तेव्हा उशीर झाला होता."

खालच्या गल्लीत कुणीतरी जुने पेपर मागत चाललं होतं.

"म्हणजे पट्टी बरोबर असती," मंजुषा सावकाश म्हणाली, "तर तू हिला पाजलं असतंस ते."

"हो."

दोघींनीही टोपलीकडे बघितलं. वृंदाच्या अंगावर काटा आला. वर्षभर ती रोज पूजेला बसताना मनात एक खिळा घेऊन बसत होती, की माझ्या हातून देवाच्या पाण्याने आईंची शेवटची ठेव गेली. तो खिळा आता सुटून पडला होता, पण त्याच्या जागी आनंद यायच्या आधी तिला नुसतं हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. भाऊजींच्या हातून चूक झाली, तिच्या हातून चूक झाली, आणि दोन्ही चुकांमधून हे रोप सुखरूप निघालं. यात देवाचा हात किती आणि योगायोग किती, हे ठरवायच्या भरीला ती पडली नाही. तिने फक्त हात जोडले.

"ऐकलं का," मंजुषाने आत हाक दिली, "तुमच्या अंदाजाने वाचली ती."

"मग मी म्हणतच होतो," हॉलमधून उत्तर आलं.

"काही म्हणत नव्हतात. बसा गप्प."

गुरुदत्त दारात डोकावला. "वहिनी, एक कायद्याचा मुद्दा आहे. आईने गडियाहाटची टोपली आम्हाला दिली. पट्टी अजून तशीच आहे. त्यामुळे मालकी…"

"अहो," वृंदा म्हणाली.

"बोलू दे त्याला. त्याला एवढं तरी मिळू दे." मंजुषा हसली. "पण तुझ्याकडेच राहू दे ती, वृंदा. माझ्या क्वार्टरमध्ये वारा नाही. आणि आता तुला कळलंय तिला काय घालायचं नाही ते. मला फक्त हा घोस दे. गौरीला माळायला."

"तोडायचा?" गौरीने मोबाईल खाली केला. "आई, नको ना. इतक्या साल नंतर आली आहे ती. मी पूजा करणार आणि हिची गळा कापणार?"

"अगं, रीत आहे तशी. मी माळली होती."

"तेव्हा आजीकडे दर वर्षी यायची असेल. मला डोक्यात नको. मला समोर पाहिजे. मी गौरीहरला बसणार तिथे वर लटकव ना हिला, अशीच, टोपलीसकट."

मंजुषाने वृंदाकडे पाहिलं. वृंदाने मंजुषाकडे. सुलभाबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा दोघींनी मनातल्या मनात अंदाज घेतला असावा, आणि तो एकच निघाला असावा.

"लग्नाचा हॉल हावड्याला आहे," मंजुषा म्हणाली. "तिथपर्यंत नेणार कशी?"

"गाडी सांगतो मी," गुरुदत्त म्हणाला.

"बंद गाडीत नको. ए.सी. लावला की मान टाकेल. आणि डिकीत तर मुळीच नाही."

"मी आणते," वृंदा म्हणाली. "हातात धरून. सकाळी लवकर निघाले तर बाबूघाटपर्यंत बस रिकामी असते, पुढे लाँच. लाँचवर वारा असतो."

"एवढं करशील तू? लग्नाच्या दिवशी, साडी नेसून?"

"गौरीहराच्या आधी पोचेन. वचन देते, वहिनी."

मंजुषाने तिच्या दंडावर हात ठेवला. तो अजून धुतलेला नव्हता, आणि वृंदाच्या पोपटी ब्लाउजला वरणाचा डाग पडला. "मग गौरीला गौरीहरापुढे तूच बसव. मी तिकडे स्वागताला असेन. हे काम मी कुणालाच दिलं नव्हतं." जरा थांबून ती म्हणाली, "दिलं नव्हतं, कारण ते तुझंच होतं. मला ते स्वतःशी कबूल करायचं नव्हतं."

वृंदाने नळ सोडून तिचा हात पाण्याखाली धरला.

"आणि आता चल आत. माझं पान उचललं नाहीस ना? तो रस आहे का अजून?"

"साखरेचं काय मग?" आतून चारुदत्तांनी विचारलं.

"तुम्ही तुमच्या तारांचे रंग बघा," मंजुषा म्हणाली आणि पुन्हा पाटावर जाऊन बसली. तिने भात मागून घेतला, त्यावर गंधराज पिळला, रस दोनदा घेतला. वृंदा वाढत राहिली. या खेपेला ती चोरून बघत नव्हती.

*

लग्नाच्या दिवशी फटफटायच्या आत वृंदाची पूजा झाली होती. तिने काठपदराची साडी नेसली, केस घट्ट बांधले आणि पायांत रोजच्याच चपला घातल्या. गुरुदत्त आहेराच्या पिशव्या घेऊन मागाहून यायचा होता. तो अजून अंथरुणावर होता.

"थांब, खालपर्यंत येतो," तो अर्धवट झोपेत म्हणाला.

"नको. झोपा तुम्ही."

तिने टोपली उतरवली. चार-पाच दिवसांनंतरही घोस ताजा होता, टोकाची दोन फुलं तेवढी जराशी कोमेजली होती. ती तिने काढली नाहीत. तार डाव्या हाताच्या बोटांत अडकवून, उजव्या हाताने टोपलीचा तळ सावरत ती एक-एक पायरी उतरली. प्रत्येक वळणावर ती भिंतीपासून लांब राहात होती, म्हणजे फुलांना काही लागू नये.

फाटकाशी तळमजल्यावरच्या घोषबाई दूध घेत उभ्या होत्या. घोस बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वाकून बघितलं. बंगालीत विचारलं, कुणाचं हे, इतकं सुंदर?

"माझ्या जावेचं," वृंदाने त्यांच्याच भाषेत सांगितलं, आणि रस्ता ओलांडायला निघाली. बस येताना दिसत होती. तिने हात केला नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते. ती नुसती रस्त्याच्या कडेला, टोपली छातीशी धरून उभी राहिली, आणि ड्रायव्हरने आपणहून गाडी थांबवली.